काळ्या वस्त्राची चाल आणि भंडाऱ्याचे माग

थंडीचे दिवस आले कीं युरोप-अमेरिकेंतील मोठ्या शहरांत एक प्रश्न दरवर्षीं नव्यानें विचारला जातो. स्त्रियांचे काळे, जाड, पाय मुळींच न दिसूं देणारे लांब मोजे यंदाही प्रचारांत आहेत, कीं त्यांचे दिवस संपले? ऐकणाराला हा प्रश्न क्षुल्लक वाटावा हें साहजिक आहे. परंतु वस्त्र नेसणारीच्या दृष्टीनें जो हौसेचा विषय असतो, तोच तें वस्त्र विणणाराच्या दृष्टीनें पोटाचा विषय असतो. वैनगंगेच्या कांठच्या भंडारा जिल्ह्यांत हाच प्रश्न गेलीं शंभर-सव्वाशें वर्षें निराळ्या शब्दांत विचारला जात आहे. तेथें लांब मोजे नव्हते; पाय झांकण्याचें काम लुगडें करीत असे. नऊवारी लुगडें अजून नेसतात काय, काळी चंद्रकळा अजून मागतात काय, कोसा अजून खपतो काय, हे ते प्रश्न होत. आणि त्यांचीं उत्तरें ऐकून कोष्ट्याच्या घरांतील मुलानें मागावर बसावें कीं नागपूरच्या गाडींत बसावें हें ठरत आलें आहे.

काळ्या रंगाविषयीं मराठी घरांत एक जुना विरोध सुखानें नांदत आला आहे. लग्नांत, मुंजींत, बारशांत काळें वस्त्र वर्ज्य मानतात. उलट सौभाग्याचें मुख्य चिन्ह जें मंगळसूत्र, तें काळ्या मण्यांचें. तान्ह्या मुलाला दृष्ट लागूं नये म्हणून लावावयाची तीट काळी. आणि नव्या सुनेचा पहिला संक्रांतसण काळ्या लुगड्यावांचून व हलव्याच्या दागिन्यांवांचून पुरा झाला असें कोणतीही सासू मानीत नाहीं. गडद काळ्या अंगाच्या लुगड्याला मराठींत चंद्रकळा असें सुंदर नांव मिळालें. काळोख्या रात्रीचा रंग आणि त्यावर चंद्राची कोर, अशी ती कल्पना. संक्रांत ऐन थंडींत येते व काळा रंग ऊन शोषून घेतो, म्हणून ही रीति पडली असें सांगण्यांत येतें. कारण कांहींही असो, त्याचा व्यवहारांतील परिणाम असा झाला कीं, एरवीं मंगलकार्यांतून हद्दपार असलेल्या रंगाला वर्षांतून एकदां निश्चित मागणी येऊं लागली.

हा काळा रंग मिळविणें पूर्वीं सोपें नव्हतें. सुताला निळीच्या कुंडांत पुनःपुन्हा बुडवून तें गडद करावें लागे. दुसरा मार्ग हिरड्याचा. हिरड्याच्या तुरट काढ्यांत सूत भिजवून मग त्याला हिराकसाचें पाणी दिलें कीं तुरटपणा व लोखंड यांच्या संयोगानें धाग्यावर काळा रंग चढतो. हिरडा हा पूर्व विदर्भाच्या जंगलांत मुबलक मिळणारा पदार्थ; त्यामुळें रंगाऱ्याला तो दुरून आणावा लागत नसे. परंतु या रंगांत एक मोठा दोष होता. लोखंडाचा अंश धाग्यांत राहून कालांतरानें धागा ठिसूळ होई. जुन्या वस्त्रांच्या संग्रहांत लाल व निळा भाग शाबूत असून काळ्या रेघा मात्र झिजून गळून गेलेल्या दिसतात, त्याचें कारण हेंच. म्हणजे काळें वस्त्र त्या काळीं महागही होतें आणि अल्पायुषीही होतें. तें सणापुरतें वापरण्यांत नुसती श्रद्धाच नव्हती, काटकसरही होती.

पुढें हें गणित विलायतेंत बदललें. १८५६ सालीं विल्यम पर्किन या तरुण इंग्रज रसायनज्ञाला दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून जांभळा रंग सांपडला आणि कृत्रिम रंगांचें युग सुरू झालें. १८६३ सालीं जॉन लाइटफूट यानें ॲनिलिनपासून पक्का काळा रंग छापण्याची कृति शोधली, आणि त्या शतकाच्या अखेरीस गंधकयुक्त काळे रंग निघाले. सुती कापडावर गडद, स्वस्त आणि धुण्याला टिकणारा काळा रंग देणें आतां कोणालाही शक्य झालें. युरोपांत याच सुमारास स्त्रियांचे काळे मोजे घरोघर पोहोंचले. हिंदुस्थानांत काळ्या सुताचे गठ्ठे बाजारांत येऊं लागले. एका शोधानें दोन खंडांतील स्त्रियांच्या पेट्या बदलल्या. हिरड्याच्या काढ्याशीं आयुष्य घालविलेल्या रंगाऱ्याचा धंदा मात्र याच शोधानें बुडाला.

भंडारा जिल्ह्याची कीर्ति भाताची, तलावांची आणि पितळी भांड्यांची. परंतु पवनी, मोहाडी, आंधळगांव व स्वतः भंडारा या गांवांचें नांव विणकामासाठींही जुनें आहे. या गांवांतून रेशीमकांठी सुती लुगडीं निघत, धोतरें निघत, आणि याशिवाय येथल्या जंगलाची खास देणगी जो कोसा, त्याचें कापड निघे. तुतीच्या पानांवर घरांत पोसलेल्या किड्याचें रेशीम निराळें आणि हा कोसा निराळा. कोशाची अळी ऐन व अर्जुन या झाडांवर उघड्या रानांत वाढते. ढीवर लोक, ज्यांचा मूळ धंदा मासेमारीचा, ते पावसाळ्यांत या अळ्या झाडांवर सोडतात आणि पांखरांपासून व मुंग्यांपासून त्यांचें रक्षण करीत दिवसचे दिवस रानांत काढतात. अळी पुष्ट झाली कीं एका देठानें डहाळीला टांगलेला अंड्याएवढा टणक कोश तयार होतो. तो क्षारयुक्त पाण्यांत उकळून मऊ केल्यावर त्यांतून धागा काढतां येतो. हा धागा मुळांतच मधाच्या किंवा पिकल्या गव्हाच्या रंगाचा असतो, आणि त्याची चमक तुतीच्या रेशमासारखी लखलखीत नसून मंद असते.

असा हा व्यवसाय तीन हातांचा आहे: रान राखणारा ढीवर, धागा काढणारी स्त्री आणि मागावर बसणारा कोष्टी. या तिघांच्या मेहनतीचें उत्तम फळ म्हणजे विदर्भाची करवतकांठी साडी. तिच्या अंगांत कोसा असतो, कांठ सुती असतो, आणि अंग व कांठ जेथें मिळतात तेथें करवतीच्या दांत्यांसारखी नक्षी उठते. त्यासाठीं मागावर तीन धोटे चालवावे लागतात, एक मधल्या अंगाचा व दोन दोहों बाजूंच्या कांठांचे. या रचनेंत शोभेप्रमाणेंच व्यवहारही आहे. कोशाच्या धाग्यावर गडद रंग सहजासहजीं चढत नाहीं. सुती धागा मात्र कोणताही रंग आनंदानें घेतो. म्हणून कोशाला त्याचा स्वतःचा रंग ठेवून, रंगाची सारी हौस कांठावर भागविलेली आहे.

कोशाचा हा हट्टी स्वभाव विलायतेलाही जाणवला होता. इंग्लंडांतील लीक या गांवचा रंगारी टॉमस वॉर्डल यानें हिंदुस्थानच्या रानरेशमाचा ध्यास घेतला होता. तो धागा शुभ्र करण्याच्या व रंगविण्याच्या कृति त्यानें शोधल्या आणि १८७८ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत त्याचे नमुने मांडले. त्यानंतर युरोपांत या धाग्यापासून समुद्रांतील सील प्राण्याच्या कातड्याची आठवण करून देणारें लवदार कापड निघालें. पूर्व विदर्भासारख्या मुलखांत मात्र कोसा बहुधा आपल्या मूळच्या रंगांतच राहिला, आणि त्याला मान मिळाला तो सोंवळ्याचें वस्त्र म्हणून. देवपूजेला, श्राद्धाला, लग्नाच्या विधीला कोसा चालतो. सुती वस्त्राप्रमाणें तो दरवेळीं धुवावा लागत नाहीं. थोडक्यांत, काळें वस्त्र सुती मागावर व पवित्र वस्त्र कोशाच्या मागावर, अशी वांटणी झाली.

या वांटणीवर पहिला आघात आगगाडीनें केला. १८६७ सालीं मुंबईहून नागपूरपर्यंत गाडी आली. पुढें १८८० नंतरच्या दशकांत नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग भंडारा जिल्ह्यांतून गेला, आणि भंडारा रोड व तुमसर रोड हीं स्थानकें झालीं. दरम्यान १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटा यांनीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली होती. गिरणीचें सूत स्वस्त म्हणून विणकरानें तें घेतलें. गिरणीचें कापडही स्वस्त म्हणून त्याच्या गिऱ्हाइकानें तें घेतलें. पाठोपाठ १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ मध्यप्रांतावर आले. दुष्काळांत शेतकरी उपाशी मरण्यापूर्वीं विणकराचें काम बंद पडतें. कारण धान्य महाग झालें कीं पहिल्यानें जी खरेदी पुढें ढकलली जाते ती नव्या लुगड्याची. चाल बदलली नसतांही वस्त्राची मागणी बुडते, हें त्या वर्षांनीं कोष्ट्यांना शिकविलें.

तरीही हातमाग टिकला, आणि त्याचें श्रेय मराठी स्त्रीच्या नेसण्याला दिलें पाहिजे. गिरणीला साधें, एकरंगी, लांबच लांब कापड काढणें सोपें. परंतु अंगाला एक रंग, कांठाला दुसरा, पदराला तिसरा, आणि प्रत्येक लुगडें नेमक्या मापाचें, हें काम यंत्राला दीर्घ काळ परवडत नव्हतें. गांवोगांवच्या बायका कांठावरून लुगडें कोठलें तें ओळखीत. कासोटा घालून नेसलेल्या नऊवारीचा कांठ पोटरीवर व घोट्यावर उठून दिसे. म्हणून कांठाला किंमत होती आणि कांठ विणणाराला भाकरी होती.

मग नेसण्याचीच रीति बदलूं लागली. हा बदल किती निकडीच्या कारणानें होऊं शकतो याचें एक लक्षांत राहण्याजोगें उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचें आहे. १८८३ सालीं त्या वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस गेल्या. स्वदेशी वेष सोडावयाचा नाहीं असा त्यांचा निश्चय होता. परंतु नऊवारी लुगड्यांत पोटऱ्या उघड्या राहतात, आणि तेथील थंडींत तें सोसवेना. तेव्हां त्यांनीं विलायती झगा न घेतां गुजराती पद्धतीनें साडी नेसण्यास आरंभ केला. त्यामुळें घोट्यांपर्यंत पाय झांकले गेले आणि वेषही आपला राहिला. १८८६ सालीं पदवी घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. पाय झांकणें हा प्रश्न त्यांच्या बाबतींत नटण्याचा नव्हता. शरीर आणि स्वाभिमान दोन्ही राखण्याचा होता.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादांत गोल पातळ शहरांतून रूढ झालें. सकच्छ नेसावें कीं विकच्छ, यावर घरोघर सासवा-सुनांचे वाद झाले, लेख लिहिले गेले, विनोदही पुष्कळ झाले. शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मुलींनीं पांच-सहावारी पातळ स्वीकारलें आणि वाद हळूहळू मिटला. या वादांत एक गोष्ट मात्र कोणाच्या बोलण्यांत फारशी आली नाहीं. नऊ वारांतून तीन-चार वार कमी झाले, तेव्हां ते गेले कोठें? गोल नेसण्याला आंत परकर लागतो. पायांभोंवतीं जें कापड पूर्वीं लुगड्याचेंच असे, त्याची जागा परकरानें घेतली. आणि परकराला ना कांठ, ना पदर, ना नक्षी. तो गिरणीच्या कापडाचा. अशा रीतीनें स्त्रीच्या वस्त्राचा एक तृतीयांश भाग कोणाचाही द्वेष न करतां, कोणताही ठराव न होतां, हातमागावरून उठून गिरणींत गेला. ज्यांच्या घरीं हा बदल झाला त्यांना तो सोयीचा वाटला, आणि तो सोयीचा होताही. ज्यांच्या मागावरून ते वार कमी झाले त्यांचें म्हणणें ऐकण्याला त्या वादांत कोणी नव्हतें.

चालीच्या बदलाची किंमत दुसऱ्यानेंच देण्याचा हा प्रकार भंडाऱ्यापुरता नाहीं. मोजे विणण्याचें यंत्र १५८९ सालीं विल्यम ली या इंग्रजानें काढलें. तेव्हांपासून हातानें मोजे विणणाराच्या पोटाची चिंता सुरू झाली. विसाव्या शतकांत अमेरिकन स्त्रिया रेशमी मोजे वापरीत आणि त्यासाठीं लागणारें रेशीम मुख्यतः जपानच्या शेतकऱ्यांच्या घरांत तयार होई. १५ मे १९४० रोजीं नायलॉनचे मोजे अमेरिकेंत सर्वत्र विक्रीस आले. पुढल्याच वर्षीं युद्धाच्या छायेंत जपानशीं व्यापार बंद पडला; आणि युद्ध संपल्यावर नायलॉन पुन्हा आलें, रेशीम मात्र त्या पायांवर परत आलें नाहीं. १९५९ सालीं अमेरिकेंतील ॲलन गँट याच्या कारखान्यानें कमरेपर्यंतचे अखंड मोजे बाजारांत आणले. त्यानंतर आंखूड झग्यांची चाल आली, आणि त्या झग्यांखालीं जाड काळे मोजे रूढ झाले. तेव्हांपासून ते कधीं मागें पडतात, कधीं पुढें येतात. परंतु अजिबात नाहींसे झालेले नाहींत. काळा रंग मळ दाखवीत नाहीं, कोणत्याही रंगाशीं जुळतो आणि ऊब देतो. ज्या चालीच्या मुळाशीं सोय असते ती चाल सहसा मरत नाहीं.

भंडाऱ्यांतही आज हेंच दिसतें. शाळा-कॉलेजांत जाणाऱ्या मुलीच्या अंगावर कुडता असतो आणि पायांत घट्ट बसणारी लेगिंग. आणि त्या लेगिंगच्या सर्व रंगांत काळी घरोघरीं असतेच, कारण ती कोणत्याही कुडत्यावर चालते. म्हणजे काळें वस्त्र प्रचारांत आहे काय या प्रश्नाचें उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. पूर्वीं जो रंग वर्षांतून एका सणाला अंगाला लागे, तो आतां रोजचा झाला आहे. परंतु हें कापड मागावर विणलेलें नसतें. तें तिरुपूरसारख्या ठिकाणीं यंत्रावर गुंफलेलें असतें, आणि १९५८ सालीं अमेरिकेंत शोधलेल्या ताणणाऱ्या कृत्रिम धाग्याचा अंश त्यांत असतो. उभा-आडवा धागा घालणाऱ्या कोष्ट्याचा या वस्त्राशीं दुरूनही संबंध उरलेला नाहीं. उलट चंद्रकळा व करवतकांठी यांचा मान वाढला आहे. संक्रांत जवळ आली कीं काळ्या साड्या दुकानांत दर्शनीं लागतात. लग्नांत कोशाची साडी हौसेनें घेतात. करवतकांठीला भौगोलिक मानांकनही मिळालें आहे.

यावरून वस्त्राच्या चालीसंबंधीं एक नियम दिसून येतो. चाल बहुधा मरत नाहीं. ती रोजची सोडून सणाची होते. नेसणारीच्या दृष्टीनें ही बढतीच होय, कारण जें रोज वापरीत असत तें आतां जपून ठेवण्याची वस्तु झाली. परंतु विणकराचें पोट सणापुरतें नसतें. रोजच्या लुगड्यावर चालणारा माग वर्षाचे बारा महिने खटखटत असे. सणाच्या साडीवर चालणारा माग कांहीं आठवडे चालतो आणि एरवीं गिऱ्हाइकाची वाट पाहतो. म्हणूनच पवनी-मोहाडीच्या गल्ल्यांत वस्त्राची कीर्ति वाढत असतां मागांची संख्या घटत गेली. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. पण त्या एकाच कारणाचीं दोन फळें आहेत. हातमागासाठीं कांहीं वस्त्रें राखून ठेवणारा कायदा संसदेनें १९८५ सालीं केला. कायदा यंत्राला मनाई करूं शकतो. गिऱ्हाइकाच्या मनाला तो आज्ञा करूं शकत नाहीं.

कोशाच्या इतिहासांत आणखी एक गोष्ट आहे आणि ती पायांचीच आहे. तसरीच्या प्रदेशांत कोशांतून धागा काढण्याची जुनी रीति अशी कीं, स्त्रीनें खालीं बसून, चार-सहा कोशांचे तंतु एकत्र घेऊन, आपल्या उघड्या मांडीवर ते तळहातानें वळावेत. दिवसभर असें वळतां वळतां कातडी सोलवटते, घट्टे पडतात. मजुरी थोडी आणि दुखणें कायमचें. अलीकडे भारत सरकारनें ही पद्धति बंद करण्याचें ठरवून स्त्रियांना लहान यंत्रें देण्याची योजना हातीं घेतली, आणि जेथें तीं पोहोंचलीं तेथें कामाचा वेगही वाढला व मांडीही वांचली. एका स्त्रीचे पाय झांकणारें सोंवळ्याचें वस्त्र दुसऱ्या स्त्रीच्या उघड्या पायावर तयार होत आलें, हें त्या वस्त्राच्या पावित्र्याच्या कथेंत कोणी सांगत नसे. जुन्या रीतींतील सर्वच गोष्टी जतन करण्याजोग्या नसतात. माग टिकावा असें वाटणारानें मांडीवरचें सूत टिकावें असें म्हणण्याचें कारण नाहीं.

तेव्हां काळें वस्त्र अजून प्रचारांत आहे काय, या प्रश्नाचीं उत्तरें दोन आहेत. बाजारांत विचारलें तर तें प्रचारांत आहे, पूर्वींपेक्षां अधिक आहे. आंधळगांवच्या मागापाशीं विचारलें तर उत्तर निराळें येतें: चाल आहे, पण ती आमच्या मागावरून जात नाहीं. हातमागाला रोजचें स्थान पुन्हा मिळणार असेल तर तें केवळ अभिमानानें मिळणार नाहीं. गोल पातळ जसें सोयीनें आलें आणि लेगिंग जशी सोयीनें आली, तसेंच तेंही सोयीनेंच आलें पाहिजे. कोशाचें उपरणें, कुडत्याचें कापड, ओढणी अशीं रोज वापरतां येतील अशीं वस्त्रें भंडाऱ्याच्या कांहीं मागांवर निघूं लागलीं आहेत तीं याच समजुतीनें. संक्रांतीला चंद्रकळा नेसणाऱ्या घरानें उरलेल्या अकरा महिन्यांत मागाची आठवण ठेवली, तर ऐनाच्या झाडाखालीं पांखरें हांकीत बसलेल्या ढीवरापर्यंत ती पोहोंचेल.